पाया नसलेली खोली

खोलीला पाया लागत नाही, असं मी जेवताना सांगितलं तेव्हा अप्पांना रसम पिताना ठसका लागला. ते सावरेपर्यंत मी थांबले. मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते; वर्गात कुणी खोकत असेल तर समीकरण पुढे नेत नाही. मग पुन्हा सांगितलं, की छप्पर भिंतींवर टेकवायचं असेल तरच भिंतींना पाया लागतो. आपण छप्पर खांबांवर टेकवू. खांब जमिनीत खोल पुरू. भिंती खांबांना बाहेरून नुसत्या ठोकू. त्यांच्यावर कसलाच भार नाही, त्या पडद्यासारख्या.

"आणि वारा आला म्हणजे?" अप्पांनी विचारलं.

"वारा खांबाला वरून ढकलेल, माती त्याला खालून धरेल."

"विशाला, मी जन्मभर ऑडिटमध्ये काढला. ज्याला पाया नाही असं एकही बिल मी पास केलं नाही."

हे खरं नव्हतं. पण अम्मा भात वाढत होती, म्हणून मी वाद घातला नाही.

खोलीची गरज अशी, की माझा धाकटा भाऊ विजयकुमार याची बदली मद्रासला झाली होती. तो, त्याची बायको सरोजा आणि तीन मुलं सहामाही परीक्षा आटोपून डिसेंबरात येणार होती. मद्रासमधल्या नंगनल्लूरच्या आमच्या घरात एक हॉल, एक स्वयंपाकघर आणि दोन खोल्या. एक अप्पा-अम्मांची, एक माझी. माझी खोली त्यांना द्यावी लागेल असं मला कुणी म्हणालं नाही. आमच्या घरात कुणी काही म्हणत नाही. अम्मा फक्त माझ्या कपाटाकडे येता-जाता बघू लागली, शिंपी गिऱ्हाईकाकडे बघतो तसं. अप्पांनी हॉलमध्ये एक घडीची खाट आणून ठेवली आणि ती कुणासाठी आहे याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

माझं वय एक्केचाळीस. लग्न केलेलं नाही. माझ्या बरोबरीच्या बायकांकडे जे जे होतं ते माझ्याकडे नव्हतं, आणि त्याचं मला फारसं दुःखही नव्हतं. कारण त्यांच्यापैकी एकीकडेही नसलेली एक गोष्ट माझ्याकडे होती : आतून कडी लावता येईल असं दार. ते देऊन घडीची खाट घ्यायची माझी तयारी नव्हती.

विटांची खोली बांधायची तर नकाशा हवा, नकाशाला मंजुरी हवी, आणि मंजुरी यायच्या आत विजयकुमारची पुढची बदली आली असती. अशा मनःस्थितीत कॉलेजच्या वाचनालयात कुणीतरी दान दिलेलं शेतीचं एक अमेरिकन मासिक हाती लागलं. त्यात गुरांसाठी गोठे कसे बांधतात यावर लेख होता. खांब पुरायचे, त्यांवर कैच्या म्हणजे छपराच्या तिकोनी चौकटी, कैच्यांवर आडवे वासे, त्यांवर पत्रे. बस्. लेख वाचून मी भारावले. प्रत्येक भार कुठून निघतो आणि कुठे जातो हे एका कागदावर दाखवता येईल अशी इमारत मी पूर्वी पाहिली नव्हती. आमचं राहतं घर कसं उभं आहे हे मला अजूनही नीट सांगता येत नाही.

शेजारचे नारायणस्वामी सार कालवे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांना माझा नकाशा अप्पांनीच नेऊन दाखवला. ते काठी टेकत आले आणि परसात उभे राहून म्हणाले, "मी धरण बांधलंय."

"हो सार."

"धरणाला पाया होता."

"असणारच सार."

"मग?"

या प्रश्नाला भौतिकशास्त्रात उत्तर नाही. मी त्यांना कॉफी दिली. ती पिऊन त्यांनी परसाच्या चार कोपऱ्यांत काठीने चार भोकं पाडली, प्रत्येकात वाकून पाहिलं, आणि "चिकणमाती" असं म्हणून घरी गेले. पुढचे काही दिवस ते गल्लीत भेटेल त्याला सांगत होते, की राव सारांची मुलगी फार हुशार, पण गोठ्यात राहायला जाणार आहे.

इमारत विटांची नसली तरी विचारून घ्यावं, म्हणून अप्पा आणि मी आमच्या भागाच्या कचेरीत गेलो. टेबलामागचे क्लार्क सभ्य होते. त्यांनी नकाशा उलटा धरून पाहिला, मग सुलटा.

"पाया किती खोल?"

"पाया नाही," मी म्हणाले.

"मग ही इमारत नाही."

"म्हणजे परवानगी नको?"

"परवानगी इमारतीला देतात, अम्मा," ते मला म्हणाले. "जी इमारतच नाही तिला कशी देणार?"

"मग आम्ही बांधू?"

"परवानगीशिवाय कसं बांधाल?"

विद्यार्थिनींच्या उत्तरपत्रिकांत मी गोल फिरणारे युक्तिवाद पुष्कळ पाहिले आहेत. इतका निर्दोष वर्तुळाकार पाहिला नव्हता. मी उठायच्या बेतात होते. पण अप्पांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच तेज आलं. ते खुर्ची पुढे ओढून बसले.

"पाया नाही, खांब आहेत, वर छप्पर आहे. याला तुमच्याकडे काय म्हणतात?"

"पंदल," क्लार्क म्हणाले. पंदल म्हणजे मांडव.

"मग पंदलची परवानगी द्या."

"निमित्त काय लिहू? पंदल उगीच घालत नाहीत, सार. लग्न, मुंज, देवाचा उत्सव, नाहीतर..." चौथं निमित्त त्यांनी अप्पांच्या वयाकडे बघून गिळलं.

"लग्न," अप्पा घाईने म्हणाले.

"कुणाचं?"

"घरातल्या मुलीचं."

क्लार्कने माझ्याकडे पाहिलं. मी छताच्या पंख्याकडे पाहिलं. तो बंद होता.

"शुभम!" असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. त्या कचेरीत 'उद्या या' न ऐकता बाहेर पडलेले आम्ही बहुधा पहिलेच.

"अप्पा, हे खोटं आहे," मी बसस्टॉपवर म्हणाले.

"खोटं कसं? तारीख विचारली का त्याने? तारीख नसलेलं विधान खोटं ठरत नाही. तू कधीतरी करशील."

"मी करणार नाही."

"मग मांडव बरेच दिवस राहील," अप्पा समाधानाने म्हणाले आणि बसमध्ये चढले.

परवानगी पंदलची, म्हणून अप्पांनी माणूसही पंदलचा बोलावला. एळुमलै मेस्त्री. नंगनल्लूरमधली निम्मी लग्नं त्याच्या मांडवाखाली लागली होती आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल तो वाईट बोलत असे. सुरूचे लांब वासे, नारळाच्या झावळ्या आणि काथ्या एवढ्यात त्याचं सारं शास्त्र. खिळा त्याला अमंगळ वाटे. मी वासे आणि कैच्या बोल्टने जोडायच्या म्हटल्यावर त्याने कानांना हात लावला. माझ्या नकाशात खांबांसाठी चार फुटी खड्डे होते.

"अम्मा, लग्न आहे की विहीर?" तो मला म्हणाला. "माझा खड्डा कोपरापर्यंत. तीन दिवसांत एक पंदल पडलेला नाही."

"मला तीन दिवसांसाठी नकोय."

मी त्याला फूटपट्टी आणि रव्याचा डबा घेऊन समजावलं. पट्टी थोडीच रोवली तर बोटाने पडते, खोल रोवली तर रवाच तिला धरून ठेवतो. तो फार आदराने ऐकत होता. जाताना त्याने अम्माला हळूच सांगितलं, की मुलगी घाबरली आहे, लग्नाआधी असं होतंच, थंड काहीतरी प्यायला द्या.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात प्रात्यक्षिक परीक्षा होती. मी परसात सुतळ्या ताणून खुंट्या मारून गेले होते. संध्याकाळी परतले तर ईशान्य कोपऱ्यात एक खांब उभा. त्याला हळद फासलेली, कुंकवाचे पट्टे ओढलेले, वर आंब्याचा टाळा आणि नवं पिवळं फडकं. बुंध्याशी दुधाचा ओला डाग आणि नवधान्य टिपायला जमलेल्या चिमण्या.

"अम्मा, हे काय?"

"मुहूर्त चांगला होता गे," अम्मा म्हणाली. "एळुमलै म्हणतो, पहिला खांब पूजेशिवाय रोवत नाही. मग पाच सवाष्णी नकोत का? सुंदरीला हाक मारली, ती बाकीच्या घेऊन आली."

"त्यांना काय सांगितलंस?"

"त्यांनी काही विचारलं नाही. मी कशाला सांगू?"

मी खुंटी पाहिली. खांब माझ्या सुतळीच्या चांगला वीतभर आत होता. मी त्याला हात लावून पाहिला. तो डुलला.

मराठीत ज्याला मुहूर्तमेढ म्हणतात तेच तमिळमध्ये पंदक्काल, आणि ती रोवली गेली याचा अर्थ दोन्ही भाषांत एकच होतो. मी चहा घेते न घेते तोच शेजारच्या सुंदरी मामी आत आल्या. त्या गल्लीच्या अनौपचारिक अध्यक्षा. त्यांनी माझी हनुवटी धरली. डोळ्यांत पाणी.

"विशालम! शेवटी!"

"मामी, ती खोली आहे."

"आधी पंदल, मग खोली," मामी म्हणाल्या आणि अशा हसल्या की भौतिकशास्त्राच्या ज्येष्ठ व्याख्यातीला पदर सारखा करावा लागला.

मी पुन्हा नाही म्हणाले. स्पष्ट, शांत शब्दांत, कारणांसह. पण नवरीने नाही म्हणणं हा आमच्या गल्लीत लग्नाचा सर्वांत भक्कम पुरावा मानतात.

"बरं, एवढं ऐका," मी म्हणाले. "तो खांब उद्या काढून वीतभर बाहेर..."

मामी मटकन स्टुलावर बसल्या. "पंदक्काल उपटायचा? विशालम, शत्रूचाही कुणी उपटत नाही! लग्न होईपर्यंत तो वर काढायचा नाही. निघाला तर ज्या ज्या हाताने हळद लावली त्या घरातली सोयरीक मोडते." आणि खालच्या आवाजात, "माझ्या भाचीला गुरुवारी बघायला येतायत."

म्हणजे जे लग्न ठरलंच नव्हतं ते मोडू नये म्हणून माझी खोली वाकडी बांधणं भाग होतं. रात्रभर विचार करून मी उपाय काढला. एक खांब हलत नसेल तर बाकीच्यांनी हलावं. त्या हळदीच्या खांबापासूनच पुन्हा मोजमाप केलं. पण चौकट वीतभर सरकली तशी तिची पलीकडची सुतळी सरळ मामींच्या धुण्याच्या दगडावरून गेली. हा दगड कित्येक वर्षं आमच्या हद्दीत आहे हे दोन्ही घरांना ठाऊक होतं आणि दोन्ही घरांनी ते मोठेपणाने कधी काढलं नव्हतं. एरवी तो दगड हलवायला कोर्टात जावं लागलं असतं. आता मामींनीच दोन माणसं लावून तो हलवला. "लग्नघर आहे, एवढं नको करायला?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

राहिली खोली. म्हणजे खांबाची खोली. तो कोपरभरच रोवलेला होता आणि माझ्या हिशेबाप्रमाणे नोव्हेंबरातल्या पहिल्या चांगल्या वाऱ्यात छपरासकट निघाला असता. उपटता येत नाही, मग? इथे मला माझ्या शिक्षणाचा उपयोग झाला. नियम नीट वाचला तर त्यात खांब वर काढायला मनाई होती. खाली जाण्याबद्दल शास्त्रं गप्प होती.

"एळुमलै, खांबाला दोर बांधून सरळ धरायचं आणि बाजूने माती काढत जायची. तो आपोआप खाली उतरेल."

मेस्त्रीने खांबाला हात लावून नमस्कार केला. "वर नाही ना येणार?"

"एक सूतसुद्धा नाही."

"मग पाप नाही," तो म्हणाला. "झालं तर तुमचं."

गल्ली दुपारी झोपते. तेवढ्यात आम्ही ते काम केलं. खांब हळूहळू, अगदी सरळ, चार फुटांवर जाऊन बसला. खाली खडी घातली, माती थराथराने ठोकली. बाकीच्या खांबांना बुडाशी डांबर लावलं होतं, याला लावता आलं नाही. देवाच्या नावाने रोवलेला खांबच आधी कुजणार हे मला कळत होतं, पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती. मी समाधानाने त्याला धक्का दिला. भिंतीला दिल्यासारखं वाटलं.

मी फक्त एक गोष्ट विसरले. खालचं टोक जेवढं उतरलं तेवढंच वरचंही उतरतं. चार वाजता मामी धुणं काढायला आल्या तेव्हा सकाळी डोक्यापेक्षा बराच वर असलेला आंब्याचा टाळा त्यांच्या कपाळाला लागला.

किंकाळीने नारायणस्वामी सार काठीशिवाय धावत आले. निम्मी गल्ली गोळा झाली. जमीन पंदक्काल गिळते आहे! कुणी म्हणालं शांती करा, कुणी म्हणालं खाली पूर्वी स्मशान होतं. नारायणस्वामी सार म्हणाले, पाया नसला की हेच होतं, मी बोललो होतो. एळुमलै आकाशाकडे बघत उभा राहिला. शेवटी देवळातल्या गुरुजींना विचारायला माणूस गेला. गुरुजींनी निरोप पाठवला, की रोवलेली मेढ आपणहून खोल जाते हे फार शुभ, लग्न पक्कं रुजलं. गल्लीने सुटकेचा श्वास टाकला. माझा अडकला तो तिथेच.

त्या खांबाला शेजारी दुसरा वासा बोल्टने जोडून उंची भरून काढली. चौकट उभी राहिली. कैच्या चढल्या, वर सिमेंटचे पत्रे बसले. एकच काय ते उणं होतं : नवरा.

तंजावरहून आलेली आमची मराठी घरं मद्रासभर विखुरलेली आहेत. तीनशे वर्षं तमिळच्या शेजारात राहून आमची भाषा अशी झाली आहे, की मुंबईहून नव्याने आलेली मंडळी ती ऐकून आधी हसतात आणि मग आपण किती प्रेमाने हसलो हे सांगतात. पण घरं थोडी असल्याचा एक परिणाम असा, की पन्नाशीच्या आतला बिनलग्नाचा पुरुष शोधायला कुणाला फिरावं लागत नाही. ट्रिप्लिकेनच्या मठात एकादशीला जमलेल्या बायकांनी पंदक्कालची बातमी ऐकून नुसती वजाबाकी केली. बाकी एक उरला.

तो रविवारी सकाळी आमच्या फाटकाशी उभा होता. उंच, किंचित वाकलेला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात संत्र्यांची पिशवी. मी परसात आडव्या पट्ट्या ठोकत होते. माझ्या तोंडात दोन खिळे होते.

"आपण विशालाक्षीबाई?"

मी मान हलवली.

"मी सेतुमाधव. बंदरावर नोकरीला असतो. आपलं... म्हणजे आपलं दोघांचं लग्न आहे असं कळलं."

मी खिळे काढले. "मला तेवढंसुद्धा कळलं नव्हतं."

"मावशीने मठात पेढे वाटले. मी म्हटलं, कुणाचं? ती म्हणाली, लाजतोस काय!" त्याने रुमालाने कपाळ टिपलं. "बाई, वाईट वाटून घेऊ नका. आपण फार शिकलेल्या आहात, घराणं चांगलं आहे. पण माझा विचार नाही. कधीच नव्हता. ट्रिप्लिकेनच्या मेसमध्ये माझी खिडकीजवळची जागा ठरलेली आहे. संध्याकाळी समुद्रावर जातो, परत येतो, रेडिओ ऐकतो. मला कशाचीही उणीव नाही."

"मलाही नाही."

"म्हणजे आपलाही नकार आहे?"

"पूर्ण."

तो हलवलेल्या धुण्याच्या दगडावर बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "देवाची कृपा! बसमध्ये कसं सांगायचं याची तालीम करत आलो. आयुष्यात माझ्याशी इतक्या लवकर कुणी सहमत झालेलं नाही."

मी त्याला कॉफी दिली. त्याने खोली पाहिली. सगळे करतात तसं त्यानेही एका खांबाला धरून हलवून पाहिलं. मग विचारलं, "हे कशासाठी?"

"आतून कडी लावून बसायला."

"हां," तो म्हणाला. पहिल्यांदाच कुणाला पुढे काही समजवावं लागलं नाही.

पण मामींनी गच्चीवरून सगळं पाहिलं होतं. सेतुमाधव फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच त्या आल्या. "उंचीला शोभतो गं. थोडा पोक आहे, पण या वयात चालायचं. आणि बघ, तुला सांगणार नव्हते, पण राहवत नाही. देवळातल्या नादस्वरमवाल्याला मी सांगून ठेवलंय. आमच्याकडून आहेर."

आता मात्र मला सांगावं लागलं. मी मामींना खाली बसवलं आणि कचेरीपासून खांबापर्यंत सगळं क्रमाने सांगितलं. लग्न नाही. कधीच नव्हतं. खोली हवी होती.

मामी रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, गोऱ्यामोऱ्या झाल्या. "पंदक्काल रोवला, हळद लागली, आणि लग्न नाही? गुरुवारचे लोक भाचीला हो म्हणून गेलेत विशालम. ही गोष्ट त्यांच्या कानावर गेली तर? बाकीच्या चौघींच्या घरीही मुली आहेत." मग त्या म्हणाल्या, "तो पंदल उतरव बाई. विधिपूर्वक. गुरुजींना विचारून."

भिंती आणि दार एवढंच बाकी होतं. मी अप्पांकडे पाहिलं. ते पेपरात शिरले. मामींचा काही दोष नव्हता. दगड त्यांनी हलवला होता, नादस्वरम त्यांनी सांगितलं होतं. माझ्या एका कडीसाठी पाच घरांच्या जिवाला घोर लागणार असेल तर मी काय सिद्ध करणार होते? "उतरवते," मी म्हणाले. हा शब्द माझ्या तोंडून निघाला तेव्हा घडीची खाट हॉलमध्ये जरा रुंद झाल्यासारखी वाटली.

अम्मा इतका वेळ दारात तांदूळ निवडत बसली होती. ती सूप खाली न ठेवता म्हणाली, "उतरवायचा कशाला? लग्न करायचं आहे ना मांडवाखाली? करू की."

"अम्मा, मी..."

"तुझं कोण बोलतंय? कार्तिक लागलाय. द्वादशीला तुळशीचं लग्न नाही का आपल्याकडे? दरवर्षी मागच्या पायरीवर उरकतो, यंदा मांडवात करू. नवरी तुळस, नवरा आवळ्याची फांदी. त्या दोघांचा तरी नकार नाही."

मामींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग अम्माकडे. "मंत्र म्हणतात?"

"मंगलाष्टकं म्हणतो. हळद, अक्षता, सगळं."

"मग ते लग्नच!" मामी म्हणाल्या आणि इतक्या जोरात हसल्या की सुपातले तांदूळ उडाले.

द्वादशीला सगळी गल्ली आली. नादस्वरम आलं. दाराला केळीचे खुंट बांधले गेले. सकाळपासून पाऊस धरला होता आणि बाहेर कुठेच कोरडी जागा नसल्यामुळे उपस्थिती उत्तम झाली. वारा पत्र्यांना उचलायला बघत होता, बोल्ट त्यांना सोडत नव्हते. नारायणस्वामी सार पहिल्यापासून शेवटपर्यंत मधल्या खांबाला पाठ टेकून उभे होते आणि पाया नसताना हे उभं राहूच शकत नाही असं शेजारच्याला पटवून देत होते.

सेतुमाधवही आला, मामींनी मावशीमार्फत बोलावणं धाडलं होतं. अंतरपाट धरायला दोन माणसं लागतात. मामींनी कुठली दोन निवडली हे सांगायला नको. आम्ही दोघांनी दोन टोकं धरली आणि आपापल्या बाजूला इतकी ओढली, की धोतराला मधे जराही झोळ राहिला नाही. गुरुजी म्हणाले, इतका सरळ अंतरपाट त्यांनी पाहिला नव्हता.

अक्षता पडल्या आणि फाटकातून कचेरीतले क्लार्क छत्री मिटत आत आले. पंदल बरेच दिवस उभा असल्याची कुणीतरी तक्रार केली होती.

"नवरी कुठे आहे, सार?"

"ती काय पाटावर," अप्पा म्हणाले.

"ती तुळस आहे."

"घरातलीच आहे. लहानाची मोठी माझ्या बायकोने केली."

क्लार्कने नवऱ्याबद्दल विचारलं नाही. मामींनी त्यांच्या हातात पायसमची वाटी दिली. ती निम्मी झाल्यावर त्यांना कर्तव्य आठवलं. "आता लग्न झालं. पंदल उतरवावा लागेल."

"हे लग्न दरवर्षी असतं," अप्पा म्हणाले.

"दरवर्षी?"

"दर कार्तिकात. रिकरिंग."

दोन सरकारी माणसं एकमेकांकडे बघत राहिली. त्या शब्दात काय होतं कोण जाणे, पण क्लार्कच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून उतरल्या. "रिकरिंग असेल तर दरवर्षी कोण उतरवणार आणि घालणार," ते म्हणाले. "असू दे." आणि त्यांनी वाटी पुढे केली.

मामींच्या भाचीचं लग्न मार्गशीर्षाआधीच ठरलं; तमिळ घरांत त्या महिन्यात लग्न करत नाहीत. सेतुमाधव जाताना एवढंच म्हणाला, की पुन्हा कधी आपलं लग्न ठरलं तर कळवा. मी भिंती ठोकल्या, दार बसवलं. आतून कडी लावली, काढली, पुन्हा लावली. मग खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ काहीही केलं नाही.

डिसेंबरात विजयकुमारची मंडळी आली. तीन मुलं, अकरा ट्रंका आणि एक पोपट. हॉलमध्ये चालायला जागा उरली नाही. सगळ्यांना सगळं एकाच वेळी हवं होतं आणि ते कुठे ठेवलंय हे फक्त सरोजाला ठाऊक होतं. आल्यापासून ती एकदाही बसल्याचं मी पाहिलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खोलीत पेपर तपासत होते. दारावर टकटक झाली. बाहेर सरोजा, हाताला पीठ लागलेलं.

"अक्का, पाच मिनिटं आत येऊ?"

ती आत आली. वळून तिने स्वतःच कडी लावली, भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसली आणि डोळे मिटले. मी लाल पेन्सिल उचलली.

थोड्या वेळाने बाहेरून अप्पांचा आवाज आला, मागोमाग मुलांचा, मग पोपटाचा. कुणीतरी दार ढकलून पाहिलं.

"आत कोण आहे?"

"कुणी नाही," आम्ही दोघी एकदमच म्हणालो.